विनयासाठी चालत आलेला भिक्खू फाहियान



बुद्धगयेला किंवा सारनाथला तुमच्यापैकी जे जाऊन आले आहेत, त्यांनी तिथे परदेशी बौद्धांनी बांधलेले विहार पाहिले असतील. कुणी चीनचा, कुणी श्रीलंकेचा, कुणी जपानचा. आपली भाषा न जाणणारी माणसे आपल्याच देशातील जागेवर डोके टेकवताना पाहून मन भरून येते. त्याचबरोबर एक प्रश्नही मनात येतो. हा धम्म आपल्या भूमीत जन्मला, मग तो आपल्याकडून हरवला कसा आणि दूरच्या माणसांनी जपला कसा? या प्रश्नाचे उत्तर एका लेखात मावणारे नाही. परंतु ज्यांनी तो जपला त्यांतील एका वाटसरूची ओळख आपल्या घरातील सर्वांना, विशेषतः शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना असली पाहिजे. त्यांचे नाव भिक्खू फाहियान.

फाहियान यांचा जन्म चीनच्या शान्शी प्रांतात, इसवी सन ३३७ च्या सुमारास झाला. त्यांच्याआधीची तीन भावंडे लहानपणीच दगावली होती. हेही मूल जाईल या भीतीने वडिलांनी त्यांना तिसऱ्या वर्षीच श्रामणेर केले, पण ठेवले घरीच. पुढे मूल फार आजारी पडले तेव्हा त्याला विहारात नेऊन ठेवले. तिथे ते बरे झाले आणि मग घरी परतायला तयार होईना. दहाव्या वर्षी वडील वारले. आई एकटी पडली म्हणून चुलत्याने घरी येण्याचा आग्रह धरला. मुलाने सांगितले की मी वडिलांच्या आज्ञेवरून विहारात आलेलो नाही, मला संसारापासून दूर राहायचे आहे, म्हणून आलो आहे. चुलत्याने पुन्हा आग्रह केला नाही. पुढे आई वारली तेव्हा मात्र ते गावी गेले, तिचे अंत्यसंस्कार केले आणि विहारात परतले.

त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट सांगतात. विहाराच्या शेतात भात कापणी चालू असताना भुकेले चोर आले. बाकीचे श्रामणेर पळाले, फाहियान एकटे उभे राहिले. हवे तेवढे धान्य न्या, असे त्यांनी चोरांना सांगितले. मात्र मागच्या जन्मी दान केले नाही म्हणून आज तुमच्यावर ही पाळी आली, आणि आता दुसऱ्याचे लुटून पुढच्या जन्मीचे दुःख वाढवाल, असेही सुनावले. चोर धान्य टाकून निघून गेले. या गोष्टीतील धैर्य आपण जरूर घ्यावे. पण दारिद्र्य हे मागच्या जन्माचे फळ, ही समजूत आपण घेऊ नये. याच समजुतीच्या जोरावर आपल्या वाडवडिलांना शेकडो वर्षे गप्प बसवले गेले, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती स्पष्टपणे नाकारली आहे. थोर माणसाचे चरित्र वाचतानाही विवेक जागा ठेवायचा, ही शिकवण आपल्याला तथागतांकडूनच मिळाली आहे.

आता त्यांच्या प्रवासाकडे वळू. चीनमध्ये बौद्ध धम्म पोचून तोवर तीन-चारशे वर्षे होऊन गेली होती. विहार होते, मूर्ती होत्या, सूत्रांची भाषांतरे होती. परंतु विनयाचे ग्रंथ, म्हणजे भिक्खूंनी कसे राहावे, काय स्वीकारावे, संघात तंटा झाला तर तो कसा मिटवावा, याचे नियम अपुरे आणि तुटक होते. चीवर होते, पण चीवर घातल्यावर कसे वागावे हे सांगणारी पोथी पुरी नव्हती. फाहियान यांना ही उणीव सतत सलत होती. अखेर इसवी सन ३९९ मध्ये ह्वेचिंग, ताओचेंग, ह्वेइंग आणि ह्वेवेई या चार सोबत्यांसह ते छांगआन नगरातून पायी निघाले. त्या वेळी ते साठीच्या आसपास होते. नातवंडांना मांडीवर घेऊन बसायच्या वयात या भिक्खूने हिंदुस्थानची वाट धरली. वाटेत आणखी काही भिक्खू त्यांना येऊन मिळाले.

पहिली मोठी परीक्षा वाळवंटाची होती. सतरा दिवस ते त्यातून चालले. वर पाखरू दिसत नव्हते, खाली जनावर दिसत नव्हते. वाट ओळखायची ती आधी मेलेल्यांच्या हाडांवरून. पुढे खोतान नावाचे संपन्न बौद्ध राज्य लागले. तिथल्या गोमती विहारात तीन हजार भिक्खू राहत, आणि घंटा झाली की सगळे शांतपणे भोजनाला बसत, भांड्याचा आवाजसुद्धा होत नसे. बुद्धमूर्तींची रथयात्रा पाहण्यासाठी ते तिथे तीन महिने थांबले. मूर्तीचा रथ नगराच्या वेशीजवळ आला की राजा मुकुट उतरवून, कपडे बदलून, अनवाणी पायांनी सामोरा जाई. धम्मापुढे राजाही साधा उपासक असतो, हे त्यांनी तिथे पाहिले.

त्यानंतर पामीरचे बर्फाळ डोंगर आले. सिंधू नदीच्या दरीत कड्याला खोदलेल्या सातशे पायऱ्या उतरून दोरांच्या पुलावरून पलीकडे जावे लागले. स्वात, गांधार, तक्षशिला करीत ते पुरुषपूरला, म्हणजे आजच्या पेशावरला पोचले. तिथे कनिष्काचा भव्य स्तूप होता. तिथेच त्यांचा एक सोबती वारला आणि काहीजण मायदेशी परत फिरले. पुढे एका बर्फाच्या डोंगरात थंडीच्या वाऱ्याने ह्वेचिंग कोसळले. तोंडाला फेस आला होता. मी आता वाचत नाही, तुम्ही थांबू नका, नाहीतर सगळेच इथे मराल, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले आणि प्राण सोडला. फाहियान त्या देहावर हात ठेवून रडले. मग उठून पुढे चालू लागले.

मथुरेच्या पुढे जो मध्यदेश लागला त्याचे वर्णन त्यांनी कौतुकाने केले आहे. तेव्हा तिथे गुप्तांचे राज्य होते. लोक सुखी आहेत, कराचा जाच नाही, राजा देहान्ताची शिक्षा देत नाही, लोक प्राणी मारत नाहीत, मद्य पीत नाहीत, असे ते लिहितात. शाळेच्या पुस्तकातून आपण हे वाचलेले असते. सुवर्णयुग म्हणून तो धडा मुलांना शिकवला जातो, मीही शिकवतो. परंतु त्याच वर्णनात आणखी काही ओळी आहेत, आणि त्या ओळी आपल्याबद्दल आहेत.

फाहियान लिहितात की चांडाळ मात्र या सर्वांपासून वेगळे, वस्तीबाहेर राहतात. ते नगराच्या वेशीतून किंवा बाजारात येताना लाकडावर लाकूड आपटून आवाज करतात, म्हणजे लोक ओळखतात आणि बाजूला होऊन त्यांचा स्पर्श टाळतात.

उपासक हो, हे वाक्य घाईने वाचून पुढे जाऊ नका. सोळाशे वर्षांपूर्वीच्या रस्त्यावरचा तो लाकडाचा आवाज कान देऊन ऐका. पेशवाईतील पुण्यात आपल्या माणसांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या ग्रंथात सांगितले आहे. लाकडाचा आवाज आणि गळ्यातले मडके यांत शेकडो वर्षांचे अंतर आहे, पण माणसाला माणसापासून तोडण्याची रीत तीच. ज्याला सुवर्णयुग म्हणतात ते कुणासाठी सोन्याचे होते आणि कुणासाठी नव्हते, हे एका परदेशी भिक्खूच्या चार ओळींनी उघडे पाडले. इथल्या पंडितांना ही गोष्ट रोजची होती. नवख्या डोळ्यांना ती दिसली आणि त्यांनी लिहून ठेवली.

त्यांनी तिचा धिक्कार केला का? नाही. ते नोंद करून पुढे गेले. भिक्खूने याहून अधिक काही म्हणायला हवे होते, असे आपल्याला वाटते आणि तसे वाटणे योग्यच आहे. तरीही ती नोंद राहिली म्हणून पुढे उपयोगी पडली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी फाहियान यांची ही साक्ष तपासून पाहिली. चांडाळांच्या एकट्या उदाहरणावरून अस्पृश्यता सिद्ध होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मग इतर पुराव्यांचाही विचार करून अस्पृश्यता इसवी सन ४०० च्या सुमारास जन्मली असा निष्कर्ष मांडला. म्हणजे ती अनादि नाही. जिला जन्म आहे तिला अंतही आहे. एका वाटसरूची चार ओळींची नोंद आपल्या मुक्तीच्या विचाराला अशी कामी आली.

पुढे फाहियान आणि ताओचेंग श्रावस्तीला पोचले. अनाथपिंडिकाचे जेतवन ते हेच. नगरात जेमतेम दोनशे घरे उरली होती. तिथल्या भिक्खूंनी विचारले, आपण कोठून आलात? चीनहून, हे ऐकून ते थक्क झाले. आमच्या गुरुपरंपरेत आजवर त्या देशाचा भिक्खू इथे आल्याचे कुणी पाहिलेले नाही, असे ते म्हणाले. त्या जागी उभे राहून या दोघांना वाटेत मेलेल्या आणि परत फिरलेल्या सोबत्यांची आठवण झाली आणि मन भरून आले. कपिलवस्तू त्यांनी पाहिले ते ओसाड. थोडे भिक्खू, काही मोजकी घरे, आणि वाटेवर जंगली हत्तींचे व सिंहांचे भय. कुशीनगरातही वस्ती विरळच होती. राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर त्यांनी फुले, धूप आणि दिवे अर्पण केले, रात्रभर सूत्रपाठ केला. आपण तथागतांच्या काळी जन्मलो नाही, आता केवळ त्यांच्या जागा पाहतो आहोत, या विचाराने त्यांना रडू आले.

परंतु फाहियान केवळ यात्रेकरू नव्हते. जागा पाहून, फुले वाहून ते परत फिरले नाहीत. ज्या कामासाठी निघाले होते ते अजून व्हायचे होते. उत्तरेकडील विहारांत विनय तोंडपाठ होता, एका भिक्खूकडून दुसऱ्याकडे तो मुखाने जाई, लेखी प्रत मिळेना. अखेर पाटलिपुत्रातील एका महायान विहारात महासांघिकांच्या विनयाची प्रत मिळाली. फाहियान तिथे तीन वर्षे राहिले. परकी भाषा शिकले, परकी लिपी शिकले आणि स्वतःच्या हाताने ग्रंथ उतरवून घेतले. पासष्टीच्या घरातला माणूस विद्यार्थ्यासारखा अक्षरे गिरवत बसला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आता आमचे शिकण्याचे वय गेले, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांना मी नेहमी हीच गोष्ट सांगतो.

याच पाटलिपुत्रात त्यांनी दानशूर नागरिकांनी चालवलेले दवाखाने पाहिले. गरीब, अनाथ, लुळेपांगळे, आजारी अशा सर्वांना तिथे मोफत औषध आणि अन्न मिळे. दान म्हणजे काय, याचा हा नमुना त्यांनी आवर्जून लिहून ठेवला आहे. दक्षिण देशात डोंगर कोरून केलेला पाच मजली विहार आहे असेही त्यांनी ऐकले होते, पण तिकडची वाट अवघड म्हणून ते गेले नाहीत.

इथल्या भिक्खूंची शिस्त पाहून ताओचेंग यांचे मन बदलले. त्यांनी हिंदुस्थानातच राहायचे ठरवले. फाहियान यांनी त्यांना दोष दिला नाही. मात्र आपल्या देशात विनय पोचवायचा हा त्यांचा संकल्प होता, म्हणून ते एकटेच निघाले. ताम्रलिप्ती बंदरात दोन वर्षे राहून त्यांनी आणखी सूत्रे उतरवली, मूर्तींची चित्रे काढली आणि व्यापाऱ्यांच्या जहाजातून चौदा दिवसांत सिंहल द्वीप गाठले.

अनुराधपूरच्या अभयगिरी विहारात तेव्हा पाच हजार भिक्खू राहत. तिथल्या बुद्धगृहात हिरव्या मौल्यवान दगडाची, दोन-तीन पुरुष उंचीची बुद्धमूर्ती होती. फाहियान तिच्यापुढे उभे होते. देश सोडून दहाहून अधिक वर्षे झाली होती. ज्यांच्याशी बोलत ते सगळे परके. डोंगर, नद्या, झाडेझुडपे, काही म्हणून ओळखीचे नव्हते. बरोबर निघालेल्यांपैकी कुणी मेले, कुणी परतले, कुणी मागे राहिले. सोबतीला उरली होती ती फक्त स्वतःची सावली. इतक्यात एका व्यापाऱ्याने मूर्तीपुढे पांढऱ्या रेशमाचा एक पंखा वाहिला. तो पंखा चीनचा होता, त्यांच्या मायदेशाचा. तो पाहताच त्यांचे डोळे भरून वाहू लागले.

वाळवंटात आणि बर्फात न डगमगलेला माणूस एका पंख्याने हलला. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली, लपवली नाही. आपल्यापैकी जे गाव सोडून मुंबईला, नागपूरला किंवा परदेशी गेले आहेत, त्यांना या अश्रूंचा अर्थ वेगळा सांगायला नको.

अश्रू पुसून ते परत कामाला लागले. तिथे दोन वर्षे राहून त्यांनी महीशासकांचा विनय, दीर्घागम आणि संयुक्तागम हे चीनमध्ये नसलेले ग्रंथ मिळवले. मग दोनशेंहून अधिक माणसे असलेल्या जहाजाने परत निघाले. दोन-तीन दिवसांतच वादळ झाले, जहाजाला भोक पडले. व्यापारी जड सामान समुद्रात फेकू लागले. फाहियान यांनीही आपला कमंडलू आणि तांब्या फेकला. भीती एकच, व्यापारी पोथ्या फेकतील. त्यांनी अवलोकितेश्वराचे स्मरण केले. तेरा दिवसांनी एका बेटाशी जहाज लागले आणि खलाशांनी भोक बुजवले. श्रद्धेने त्यांचे मन स्थिर ठेवले असेल, पण जहाज सावरले ते माणसांच्या हातांनी, हे आपण ध्यानात ठेवावे.

नव्वद दिवसांनी जावा बेट आले. तिथे पाच महिने थांबून ते चीनला जाणाऱ्या दुसऱ्या जहाजात चढले. महिन्याभराने पुन्हा वादळ झाले. जहाजावरच्या ब्राह्मणांनी विचार करून ठरवले की या श्रमणाला घेतल्यामुळेच हे संकट आले, एका माणसापायी सर्वांनी का मरावे, याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे. विचार करा, वादळ कुणावर येत नाही? पण दोष द्यायला माणूस हवा असतो, आणि तो वेगळ्या विचाराचा असला की काम सोपे होते. गावात पटकी आली, पाऊस पडला नाही, की बोट कुणाकडे वळत असे, हे तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

त्या वेळी त्यांचा एक उपासक उठून उभा राहिला. याला उतरवायचे असेल तर मलाही उतरवा, नाहीतर मला मारून टाका, तसे केले नाही तर चीनला पोचताच मी राजाकडे तुमची तक्रार करीन, आणि तो राजा बुद्धाला मानणारा आहे, असे त्याने बजावले. व्यापारी कचरले. एका गृहस्थाच्या ठामपणामुळे तो भिक्खू वाचला आणि त्या पोथ्याही वाचल्या. त्या उपासकाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण उपासक कसा असावा, हे शिकायला दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

वाट चुकत, गोडे पाणी संपत आलेले असताना, इसवी सन ४१२ च्या सुमारास जहाज चीनच्या शान्तुंग किनाऱ्याला लागले. किनाऱ्यावरची ओळखीची भाजी पाहून त्यांना कळले की आपण मायदेशी आलो. जाताना सहा वर्षे, इथे सहा वर्षे, परतीला तीन वर्षे, आणि जवळपास तीस देश. बरोबर निघालेल्यांपैकी त्यांच्यासोबत कुणीही परतले नव्हते.

आता विश्रांती घ्यायला हरकत नव्हती. पण ते आजच्या नानजिंगला गेले आणि बुद्धभद्र या हिंदुस्थानातून आलेल्या भिक्खूंबरोबर महासांघिक विनयाचे चिनी भाषांतर करायला बसले. आपल्या प्रवासाची हकिगतही लिहिली. ऐंशी उलटल्यावर चिंगचौ येथील विहारात त्यांचा अंत झाला. सिंहलमधून आणलेल्या महीशासक विनयाचे भाषांतर त्यांच्यामागे दुसऱ्यांनी पुरे केले. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम या इंग्रज अधिकाऱ्याने फाहियान आणि युआन श्वांग यांची वर्णने हाती धरून श्रावस्ती, संकाश्य यांसारखी मातीखाली गेलेली स्थळे ओळखली. आज आपण तिथे जातो, ते अशा लोकांच्या लेखणीमुळे.

उपासक हो, आपण धम्म स्वीकारला तो एका सोहळ्यात, बावीस प्रतिज्ञा म्हणून. त्या दिवसाचे मोल मोठे आहे. पण चीनमध्येही दीक्षा होत होत्या, विहार होते, मूर्ती होत्या, तरीही फाहियान यांना काहीतरी अपुरे वाटले. ते अपुरेपण आचाराचे होते. आपल्या घरातून जुने देव गेले असतील, पण लग्नात हुंडा, सणाला दारू, पोटजातीचा विचार आणि मुलीचे शिक्षण मध्येच बंद करणे हेही गेले आहे का, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते तपासावे. त्यासाठी वाळवंट ओलांडायचे नाही. घरात ग्रंथ आहे, भाषा आपलीच आहे, आणि वाचून दाखवायला शाळेत जाणारे मूल आहे. दर रविवारी वंदनेनंतर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यातील दोन पाने त्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि त्यातले काय जमले व काय जमले नाही, यावर घरातल्या बायाबापड्यांसह चार शब्द बोला. पुढच्या रविवारी तेथूनच पुढे वाचा.

जयभीम.